गड्ड्याला तीन दिवस बंद, मग आमच्या रथाला का नाही?

पत्र थोडक्यात (२०२५च्या डिसेंबरातलं, नाव नको म्हणालीय, ओळखीच्या खुणा काढून टाकल्यात):

"काकू, मी ३१ वर्षांची. सोलापुरात शाळेचे युनिफॉर्म शिवायचं छोटं युनिट आहे आमचं, बाबांनी सुरू केलेलं. त्यांची तब्येत बिघडल्यापासून वर्षभर मीच बघतेय. २३ माणसं आहेत, बहुतेक पीस रेटवर. बाबांच्या काळापासून सुट्ट्या ठरलेल्या, गड्ड्याला, म्हणजे संक्रांतीच्या सिद्धेश्वर यात्रेला, तीन दिवस, गणपतीला एक, दसऱ्याला एक, दिवाळीला पाच, आणि ईदला ज्यांना पाहिजे त्यांनी घ्यायची. यंदा नारळी पौर्णिमेला ओव्हरलॉक मशीनवरच्या अक्कांनी तेलुगू पद्मशाली समाजाच्या मार्कंडेय रथोत्सवासाठी सुट्टी मागितली, माझी ऑर्डर अडकली होती म्हणून मी नाही म्हटलं. तर त्या सगळ्यांसमोर म्हणाल्या, गड्ड्याला तीन दिवस बंद ठेवता, मग आमच्या रथाला का नाही? मग काज-बटणवाल्या मुलीने १४ एप्रिलचं काढलं, पॅकिंगमधलं कोणीतरी म्हणालं ईदला मात्र त्यांना सोडता. कटिंग मास्टर २६ वर्षांपासून आहेत आमच्याकडे, मुसलमान आहेत, त्यांनी आजवर काही मागितलं नाही आणि त्या दिवशीही काही बोलले नाहीत. त्यात अजून एक, ६ जुलैला आषाढी आणि मोहरम एकाच दिवशी आले होते तेव्हा मी ग्रुपवर दोन्हीच्या हार्दिक शुभेच्छा टाकल्या, फुलं आणि चमकी असलेलं चित्र. मास्टरनी पाहिलं पण काही लिहिलं नाही, तेव्हापासून ते जरा तुटक वाटतात. आता २०२६ची यादी लावायचीय. मला सगळ्यांना सारखंच वागवायचंय. म्हणून वाटतंय सणांच्या सुट्ट्याच काढून टाकाव्यात, २६ जानेवारी, १५ ऑगस्ट आणि दिवाळी एवढंच ठेवावं. नाहीतर मग सगळ्यांचे सण युनिटमध्येच एकत्र साजरे करावेत. बाबा म्हणतात एकाला दिलं की सगळे मागतील. काय करू?"

अगं, काकू म्हटलंयस म्हणून सरळ अगं-तुगं करते, राग मानू नको.

तुझं पत्र मी तीनदा वाचलं. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला पण वाटलं की हा सणांचा प्रश्न आहे, धर्माचा आहे, नाजूक आहे, जपून लिहावं लागणार. तिसऱ्यांदा वाचताना तू जे घाईत लिहून पुढे गेलीस ना, "बहुतेक पीस रेटवर", तिथे अडकले. मग पुढचं सगळं पत्र मला वेगळंच दिसायला लागलं.

पीस रेटवाल्याला सुट्टी म्हणजे काय गं? तुझ्यासाठी गड्ड्याचे तीन दिवस म्हणजे शटर खाली, निवांत, नंदीध्वजांची मिरवणूक बघायला जायचं. अक्कांसाठी तीन दिवस म्हणजे तीन दिवसांचे पीस गेले. मशीन बंद म्हणजे डझन नाहीत, डझन नाहीत म्हणजे शनिवारी पाकीट हलकं. आणि ते तीन दिवस त्यांनी मागितलेले नव्हते, तू दिलेस. दिवाळीला पाच दिवस, तेही तसेच. मग वर्षभरात एक दिवस त्या स्वतःहून मागतात, तोही बिनपगारीच असणार हे माहीत असून, आणि तू नाही म्हणतेस. त्यांच्या "का नाही" मध्ये धर्म किती आणि हिशोब किती हे जरा मनात मोजून बघ. मला तर पाऊण हिशोब दिसतो.

मला हे कळतं कारण आम्ही गिरणीच्या चाळीत वाढलो, शेजारी पद्मशाली घर होतं, तिथली अक्का विड्या वळायची. हजारी दर असायचा, हजार विड्यांमागे इतके. नारळी पौर्णिमा आली की आदल्या तीन-चार रात्री त्यांच्या दारातून कात्रीचा कर्र कर्र आवाज यायचा, पत्र्याचं माप पानावर ठेवून तेंदूची पानं कापत बसायची, मांडीवर सूप, पोरं बाजूला झोपलेली. मी एकदा विचारलं अक्का झोपत का नाहीस, तर म्हणाली उद्या रथ आहे ना, रथाचे पैसे आज वळतेय. बतकम्माचंही तसंच, भाद्रपदाच्या अमावस्येपासून दुर्गाष्टमीपर्यंत नऊ दिवस संध्याकाळी फुलांची उतरंड रचून त्याभोवती फेर धरायचा, आणि त्यासाठी जो वेळ जायचा तो रात्री भरून काढायचा. आम्हाला पोरांना फक्त फुलं दिसायची.

तेव्हा यादीत कोणाचा सण घालायचा हा प्रश्न दुसरा. पहिला प्रश्न, सुट्टी पगारी आहे का. पगारी नसेल तर तू जितके जास्त सण यादीत घालशील तितकं कोणाचं तरी नुकसान वाढवशील, आणि ज्याचा तो सण नाही तो मनात म्हणेल की ह्यांच्या सणापायी माझा रोज बुडाला. भांडण तिथून सुरू होतं, आणि तोंडातून बाहेर पडताना मात्र ते "त्यांना सोडता" असं होऊन बाहेर पडतं.

आणि हे काही मी दयेपोटी म्हणत नाहीये. महाराष्ट्राचा दुकाने आणि आस्थापनांचा २०१७चा कायदा आहे, त्यात वर्षाला आठ पगारी सुट्ट्या सांगितल्यात. चार ठरलेल्या, २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर. आणि उरलेल्या चार सणांच्या, त्या कोणत्या हे मालकाने आणि कामगारांनी वर्ष सुरू व्हायच्या आधी मिळून ठरवायचं. मिळून! कायदा लिहिणाऱ्यालाही कळलं की एकट्या मालकाच्या घरातलं कॅलेंडर बघून हे होत नाही. तुझं युनिट आस्थापनेत धरलं जातं की कारखान्यात, हे माणसांच्या संख्येवर आणि बाकी गोष्टींवर ठरतं, ते तुमचे हिशोब बघणाऱ्यांना विचारून घे, कारण कारखान्याचे नियम वेगळे. पण पद्धत म्हणून ही चांगलीच आहे, कोणी सक्ती केली नाही तरी उचलावी अशी.

आता तुझे दोन पर्याय.

पहिला, सगळं काढून टाकायचं. "२६ जानेवारी, १५ ऑगस्ट आणि दिवाळी एवढंच." परत वाच बरं हे वाक्य. सगळ्यांना सारखं म्हणता म्हणता दिवाळी आपोआप देशाच्या सणांमध्ये जाऊन बसली, आणि तुला ते खटकलंही नाही. मी तुला दोष देत नाहीये, आमच्या घरातही तसंच आहे, दिवाळी ही "सुट्टी" आणि ईद ही "त्यांची सुट्टी". आपला सण आपल्याला सण वाटतच नाही, हवेसारखा वाटतो, आहेच तो. दिवाळी काढ असं मी म्हणत नाही, बाजारच बंद असतो, कापड येत नाही, गिऱ्हाईक फोन उचलत नाही, तेव्हा युनिट चालू ठेवून करणार काय. ठेव की दिवाळी. फक्त मनात त्याला "समान वागणूक" असं नाव देऊ नको, सोय म्हण. गड्ड्याचंही तसंच. सोलापुरात संक्रांतीला अर्धं गाव होम मैदानावर असतं, सात नंदीध्वज आणि अडुसष्ट लिंगांच्या वाटेत कोण जातीने कोण हे बघत बसत नाही, "एकदा भक्तलिंग हर्र बोला हर्र" झालं की अंगावर काटा येतोच. पण तीन दिवस युनिट बंद हे तुमच्या घरचं प्रेम आहे, ते २३ जणांच्या पाकिटातून नको.

दुसरा पर्याय, सगळे सण युनिटमध्ये एकत्र. हा मला ऐकायला गोड वाटला आणि जरा भीतीही वाटली. कारण सण एकत्र करायचे म्हटलं की नेमकं काय होतं सांगू? बाकीच्यांचे सण आपल्याला जमतील अशा आकाराचे होतात. रमजान आला की दुपारी एक वाजता बिर्याणी मागवायची, आणि ज्यांच्यासाठी मागवली ते रोजा धरून मशीनवर बसलेले. जैन मुलीला संध्याकाळी सातनंतर पावभाजी. दसऱ्याला मशीनला हळदकुंकू लावता लावता ज्या मुलीने १४ एप्रिलचा विषय काढला तिच्या कपाळाला पण बोट जातं, आणि तिच्या घरी बाबासाहेबांच्या बावीस प्रतिज्ञा पाळत असतील तर ती तिथे उभी राहून काय करणार, मालकीणबाईचं बोट मागे ढकलणार? नाही ढकलत कोणी. गप्प बसतात. आणि आपण समजतो किती छान एकोपा आहे.

खंडेनवमीची पूजा तुमची परंपरा असेल, कर. कोणी लांब उभं राहिलं तर हाक मारू नको, कोणी स्वतःहून आलं तर अडवू नको, एवढं पुरे. तिळगूळ मात्र सगळ्यांना वाट, तो कोणी नाकारलेला मी तरी पाहिला नाही!

बरं, साजरं करण्यापेक्षा वेळेचं बघ, त्याने जास्त फरक पडतो. रमजान २०२६ला साधारण १९ फेब्रुवारीला सुरू होईल. आपल्याकडे तेव्हा सूर्य साडेसहाच्या आसपास मावळतो. युनिट सातला सुटत असेल तर रोजावाला माणूस खजूर कुठे तोंडात टाकणार, ओव्हरलॉकच्या मशीनवर? ते लोक तसंही जेवायची सुट्टी वापरत नाहीत, तर ती सुट्टी आणि सकाळचा अर्धा तास मिळून संध्याकाळी साडेपाच-पावणेसहाला सोडायचं. तास तेवढेच, पीस तेवढेच, तुझा एक रुपया जात नाही. शुक्रवारी जेवणाची सुट्टी एक ते दोन धरली की जुम्म्याचं पण होऊन जातं, वेगळी परवानगी नको. रथाच्या दिवशी, वेळ अमावस्येच्या शेतातल्या पूजेला, सगळीकडे हाच विचार चालतो. वेळ अमावस्येला शेत असलेल्या घरातलं माणूस तसंही कामावर नसतंच, भज्जी-आंबील सोडून कोण येणार, त्यापेक्षा आधीच धरून ठेव.

आता कॅलेंडर. तुझ्या बाबांची यादी इतकी वर्षं चालली कारण त्यातले सण फार हलत नाहीत. संक्रांत सूर्यावर चालते म्हणून १४-१५ जानेवारी सोडत नाही. बाकी आपले सण चंद्रावर, पण दर दोन-तीन वर्षांनी अधिक महिना घालून आपण त्यांना ऋतूत परत ओढून आणतो. हिजरी वर्षाला अधिक महिना नाही, त्यामुळे ईद दरवर्षी दहा-अकरा दिवस आधी येते आणि साधारण ३३ वर्षांत सगळे ऋतू फिरून येते. मास्टरच्या तरुणपणी रोजे थंडीत यायचे आणि मधल्या वर्षांत भर मे-जूनमध्ये, तुझ्या सीझनमध्ये आले होते. २०१७-१८ साली शाळेच्या ऑर्डरी चालू असताना त्यांनी उपाशीपोटी, पाण्याशिवाय कटिंग केलेलं असणार. विचारलंस कधी?

६ जुलैला आषाढी आणि मोहरम एकत्र आले त्याची गंमत पण हीच आहे. आषाढी म्हणजे शुद्ध एकादशी. आणि हिजरी महिना चंद्रकोर दिसली की सुरू होतो, म्हणजे अमावस्येनंतर एक-दोन दिवसांनी, तेव्हा त्यांची दहा तारीख आपल्या एकादशी-द्वादशीच्या जवळपास पडते. बकरी ईद दहा तारखेला, मोहरमचा आशुरा पण दहा तारखेला. म्हणून २०२२ आणि २०२३ दोन्ही वर्षी आषाढी आणि बकरी ईद एकाच दिवशी आले होते. २०२३ला पंढरपुरातल्या मुसलमान समाजाने ठरवलं की वारीच्या दिवशी कुर्बानी करायची नाही, पुढच्या दिवशी करायची. इथून तासा-दीड तासावर घडलेली गोष्ट आहे ही. मग २०२३ला अधिक श्रावण पडला, आपण एक महिना पुढे सरकलो, आणि २०२४-२५ला आषाढीला मोहरम येऊन भेटला. २०२६ला परत अधिक महिना आहे म्हणून आता ते वेगळे होतील, आशुरा जूनच्या २६च्या आसपास आणि आषाढी २५ जुलैला.

म्हणजे जुनी यादी झेरॉक्स मारून चालत नाही. दरवर्षी डिसेंबरात चहा घेऊन बसावं लागतं. तुझ्यासाठी २०२६मध्ये मला जे दिसतंय ते सांगते, चंद्राचे सण एखादा दिवस मागेपुढे धर. पाडवा गुरुवारी १९ मार्चला आणि रमजान ईद शनिवारी २१ला. मधला शुक्रवार एकटा उरतो, त्या दिवशी तसंही निम्मं युनिट रिकामं असणार, तर त्याआधीच्या एका रविवारी काम करून शुक्रवार बदलून घेतलास तर सलग चार दिवस सगळ्यांनाच मिळतात, आणि गावी जाणाऱ्याला जाता येतं. ईदचं पक्कं आदल्या रात्री चंद्र दिसल्यावरच कळतं, म्हणून २० ते २२मध्ये कुठलीही डिलिव्हरी कबूल करू नको, आणि दुसऱ्या दिवशी बासी ईदला पाहुणेरावळे असतात हेही लक्षात ठेव. बुद्ध पौर्णिमा १ मेला आलीय, महाराष्ट्र दिनाच्या सुट्टीतच. काज-बटणवाल्या मुलीला वाटू शकतं की आमची एक गेली, तिला विचार, तिला १४ एप्रिल पगारी हवा असेल. आणि खरी अडचण बकरी ईदची, २८ मेच्या सुमारास, म्हणजे शाळा उघडायच्या दोन-अडीच आठवडे आधी, तुझा ऐन धंदा. हे आत्ता डिसेंबरात कळलंय तर शाळांना तारीख आत्ताच चार दिवस पुढची दे ना. मेमध्ये कळलं असतं तर तू परत ऑर्डर अडकली म्हणाली असतीस.

त्यात एक सोय पण आहे. १७ मे ते १५ जून अधिक महिना आहे, ज्येष्ठ. त्यात लग्नं लागत नाहीत. दरवर्षी मेमध्ये भाचीचं लग्न, नणंदेच्या दिराचं लग्न म्हणून ज्या सुट्ट्या जातात त्या ह्या वर्षी ऐन सीझनमध्ये कमी होतील. अर्थात धोंड्याचा महिना म्हणजे जावयाला जेवायला बोलावणं आलंच, अनारसे आले, तेव्हा बायकांना एक-एक दिवस लागेल. पण एकाच दिवशी सगळ्यांचे जावई येत नाहीत.

बरं आता मुख्य, यादी कशी करायची. कायद्यातल्या ठरलेल्या चार. मग दिवाळीचे जे दोन दिवस सगळ्यांना मिळून पटतील ते, गड्ड्याचा एक, आणि अजून जो सगळ्यांना पटेल तो एक, हे सगळे पगारी. ह्याशिवाय प्रत्येकाला दोन दिवस "आपल्या मनाचे", पगारी, वर्षातून कधीही, महिनाभर आधी सांगून. केंद्र सरकारच्या ऑफिसात असंच असतं, मोठी यादी असते आणि त्यातले दोन दिवस माणूस आपले आपण निवडतो. तू तर यादी पण देऊ नको. सण लिहा म्हणू नको, तारीख लिहा म्हण. कोणाला रथाला हवी, कोणाला बकरी ईदला, कोणाला गुड फ्रायडेला, आणि कोणाला आईच्या वर्षश्राद्धाला, तुला काय करायचंय. पुरावा मागू नको, "तुमच्यात असतं का हे?" असं तर अजिबात विचारू नको. आणि असं पण होईल की एखादी बाई म्हणेल मला सणाच्या दिवशी नको, सणाच्या दुसऱ्या दिवशी द्या, कारण सणाच्या दिवशी तर मी चुलीपुढेच असते, सुट्टी कुठली! दे तिला.

पीस रेटवाल्याचा पगारी दिवस कसा काढायचा म्हणशील, तर मागच्या तीन महिन्यांची कमाई भागिले कामाचे दिवस, तो त्याचा रोज. समज सरासरी साडेचारशे पडतो. २३ जणांचे दोन दिवस म्हणजे २०,७०० रुपये वर्षाला. हा आकडा बाबांना दाखव. "एकाला दिलं की सगळे मागतील" ह्याचं उत्तर असं आहे की हो, मागतील, सगळ्यांना द्यायचंच आहे, आणि सगळ्यांचं मिळून एवढं होतंय. बाबांची भीती मला कळते, धंदा उभा केलेल्या माणसाला दार किलकिलं केलं की पूर येईल असं वाटतं. आकडा लिहिला की पूर कुठपर्यंत येतो ते दिसतं. आणि एका दिवशी दहा जणांनी मागितलं तर? तर त्या दिवशी युनिटच बंद ठेव आणि रविवार भरून घे, अर्ध्या लाइनवर तसंही काम होत नाही, ओव्हरलॉक रिकामं असेल तर पुढची शिलाई कशावर मारणार.

पॅकिंगमधल्या त्या वाक्याचं पण बोलूया. "ईदला त्यांना सोडता." तू त्या वेळी गप्प बसलीस असं दिसतंय, आणि मला वाटतं तिथे तू चुकलीस. भाषण द्यायला नको होतं, एवढंच मोठ्याने सांगायचं की ईदला जे जातात त्यांचा त्या दिवसाचा रोज जातो. खरं तेवढंच सांगायचं. बऱ्याच जणांना हेच माहीत नसतं, त्यांना वाटतं पगार देऊन सोडतात. आता नवीन पद्धत सांगताना हे पण सांग, की आतापर्यंत असं होतं, आता सगळ्यांना दोन-दोन.

मास्टरचं शेवटी ठेवलं कारण तुझ्या पत्रात खरी तीच सल आहे.

मोहरमच्या शुभेच्छा देत नाहीत गं. इमाम हुसेन आणि त्यांचे लोक करबलाच्या मैदानात मारले गेले, त्यांच्याकडे पाणी पण पोचू दिलं नव्हतं, इ.स. ६८०ची गोष्ट, त्याची आठवण आहे आशुरा. आपल्याकडे पंजे बसतात, हिंदू घरातली पोरं नवसाने फकीर होतात, सरबत वाटतात, वाजतगाजत सवारी निघते, त्यामुळे आपल्याला तो उत्सवच वाटतो, तुझी चूक सगळं सोलापूर करतं. ६ डिसेंबरला पण असंच कोणीतरी शुभेच्छा टाकतं आणि मग डिलीट करतं. मी स्वतः एका ऑफिसात असताना गुड फ्रायडेला शेजारच्या टेबलवरच्या बाईंसाठी केक नेला होता, क्रीमचा, वर चेरी. त्यांनी डबा उघडला, माझ्याकडे बघितलं, म्हणाल्या थँक्यू, रविवारी खाते. मी घरी येऊन कोणाला तरी विचारलं तेव्हा कळलं की येशूला सुळावर चढवलं तो दिवस आहे, आनंदाचा ईस्टर, तो रविवारी. अजून आठवलं की कान गरम होतात. पण त्या बाईंनी माझ्याशी बोलणं काही सोडलं नाही, कारण सोमवारी मी जाऊन म्हटलं, मला माहीत नव्हतं हो.

तू पाच महिने झाले ते म्हटलेलं नाहीस. ग्रुपवर माफी लिहू नको, उगाच त्यांना सगळ्यांपुढे "काही नाही मॅडम" म्हणावं लागेल. चहाच्या वेळेला कटिंग टेबलपाशी जा आणि म्हण, मास्टर, मोहरमला मी शुभेच्छा टाकल्या, चुकलं माझं. बस. ते तुटक वाटतात त्याचं कारण हेच असेल असंही नाही, त्यांच्या घरी दुसरंच काहीतरी चालू असू शकतं, पण ते बोलायला तरी मधे जागा होईल.

आणि २६ वर्षांत त्यांनी काही मागितलं नाही ह्याचा अर्थ त्यांना काही नको होतं असा घेऊ नको. बाबांच्या काळात न मागणं हेच त्यांच्या नोकरीचं शहाणपण असेल. तुझ्या पत्रात खाली एक ओळ आहे, मी वर घेतली नाही कारण तू ती सहज लिहिलीयस, की दर डिसेंबरला ऑर्डर नसतात तेव्हा मास्टर गड्ड्याच्या मिरवणुकीत भक्त घालतात त्या बाराबंद्या कापून देतात, ओळखीच्या लोकांच्या, पांढऱ्या कापडाच्या, आणि बंद सुद्धा स्वतःच मोजून लावून घेतात, दुसऱ्या कोणाच्या हाती देत नाहीत. म्हणजे आत्ता तू हे वाचतेयस तेव्हा पण टेबलवर त्याच पडल्या असतील. त्या माणसाला तू विचारायचं, की मास्टर, २०२६चे तुमचे दोन दिवस कोणते लिहू? आणि उत्तर यायला दोन-चार दिवस लागले तर लागू दे, २६ वर्षांनी पहिल्यांदा विचारतेयस. परत परत विचारू नको.

शाळेतल्या बाई, हॉस्टेलचे रेक्टर, सोसायटीचे सेक्रेटरी, क्लासवाले, तुम्ही पण वाचत असाल तर ईदच्या दुसऱ्या दिवशी युनिट टेस्ट लावायच्या आधी एकदा कॅलेंडर बघा एवढंच. माझ्याकडे अशी पत्रं पण येतात.

आणि हो, यादी बोर्डावर लावताना मराठीत लाव आणि शेजारी तेलुगूत पण लिहून घे, उर्दू-कन्नड वाचणारं कोणी असेल तर त्यातही. तेलुगू मात्र अक्कांकडूनच तपासून घे. मार्कंडेय चुकीचं लिहिलंस तर त्या परत सगळ्यांसमोर बोलतील, आणि ह्या वेळी मी त्यांच्या बाजूने असेन.